लाल खूण

२८ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

आज चाचणीच्या मशीनवर सर्व्हरच्या प्रणालीची नवी आवृत्ती चढवली आणि माझं अकरा वर्षांचं काम जागच्या जागी बंद पडलं. पांढरा पडदा, एक अक्षर नाही. दिवसभर चुका काढत बसले. एकसष्ट ठिकाणी मोडतं.

डॉक्टर उज्वला मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "आत्ता चालतंय ना नीट?" चालतंय. तीच तर अडचण आहे. हिंगणघाटच्या आमच्या या आठ खाटांच्या केंद्रात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या अकराशे बेचाळीस रुग्णांची नोंद ज्या सर्व्हरवर आहे, त्याला सुरक्षेचे अपडेट मिळणं दोन वर्षांपूर्वीच थांबलंय. दाराला कुलूप आहे, पण त्याच्या किल्ल्या आता कुणालाही मिळतात, असं त्यांना समजावलं. मग म्हणाल्या, "कर तर. पण नोंदी एक दिवससुद्धा बंद नकोत. थंडी सुरू होते आहे." थंडीत रुग्णांचे दुखण्याचे झटके वाढतात, खाटा पुरत नाहीत.

कामाची रीतसर नोंद मशीनवर ठेवते. जे तिथे लिहिता येत नाही ते इथे. उदाहरणार्थ, मला भीती वाटते. हे सगळं मी एकटीने लिहिलंय, पंचवीस वर्षांची असताना, आणि त्यातलं निम्मं आता माझं मलाच कळत नाही.

नोंदी टाकणारे किशोरभाऊ. त्यांनी आज पुन्हा मोबाइल चार्जिंगला थेट सर्व्हरला लावला होता. चार लोकांसमोर बोलले त्यांना. "मंजुषाताई, पुन्हा नाई लावणार," म्हणाले आणि वायर गुंडाळत बाहेर गेले. माणूस पन्नाशीचा. पण सुरक्षेत वय बघून चालत नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

बाबांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, सोमवारी, सावंगीच्या रुग्णालयात. पित्ताशयाचे खडे. पाच-सहा दिवस मला तिथेच राहावं लागणार, आणि एकसष्टपैकी बावन्न ठिकाणं अजून बाकी.

म्हणून दुपारी राउटरमध्ये एक रस्ता उघडून ठेवला, बाहेरून थेट सर्व्हरवर येता येईल असा. नीट करायचं तर आधी व्हीपीएनचा सुरक्षित बोगदा बांधायला हवा, त्याला दोन दिवस लागतात. आठवड्याचा तर प्रश्न आहे. पासवर्ड माझाच, चांगला लांब, वर्षानुवर्षं पाठ झालेला.

५ नोव्हेंबर, बुधवार

बाबा बरे आहेत. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन आज एकोणीस ठिकाणं दुरुस्त केली. फार बरं वाटलं. हिंगणघाटचा सर्व्हर सावंगीच्या बाकावरून असा चालतो, जणू समोरच आहे.

बाबा टाके सांभाळत हळूहळू बाहेर आले. "काऊन वं, इथं बी तेच करून राह्यली?"

"बाबा, अकराशे लोकांचं काम आहे."

"माह्या वांग्याले पाणी द्याले सांगतलं का कोणाले?"

ते मात्र राहिलंच होतं. शेजारच्या रामाजींना फोन केला.

१० नोव्हेंबर, सोमवार

बाबांना काल समुद्रपूरला घरी आणलं. आज सकाळच्या एसटीने परत कामावर. करायच्या गोष्टी लिहून काढल्या: उरलेली सोळा ठिकाणं. मराठी नावांचा शोध (उज्वला एका 'ज'ने की दोन, दोन्ही सापडायला हवीत). किशोरभाऊंना नवा पासवर्ड. बाहेरच्या डिस्कवर प्रत घेणं, ते जुलैपासून राहिलंय. नव्या आवृत्तीवर जाण्याचा दिवस ठरवला, रविवार तेवीस. पहिल्यांदाच वाटलं, जमेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळ

काल लिहायला जमलं नाही. आता क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं जागेवर येईल.

काल सव्वानऊला किशोरभाऊंचा फोन. "ताई, कोणतीच नोंद उघडून नाई राह्यली. नावं भलतीच दिसून राह्यली." मी स्टँडवर उतरतच होते. पळत आले. प्रत्येक फाइलच्या शेवटी अनोळखी अक्षरं आणि पडद्यावर एक पत्र: तुमचा सगळा डेटा आम्ही कुलूपबंद केला आहे, सोडवायचा असेल तर या पत्त्यावर लिहा, नाहीतर तो सगळ्यांसमोर मांडू. मी नेटवर्कची वायर उपसून काढली. रोजची प्रत ज्या डिस्कवर पडते ती सर्व्हरलाच जोडलेली असते, म्हणजे तीही गेली. राहिली माझ्या कपाटातली डिस्क. ती लॅपटॉपला लावून नोंदी उभ्या करायला घेतल्या.

साडेअकराला वडनेरचे बंडूजी मुलीला घेऊन आले. गोपिका, एकोणीस वर्षांची. मालवाहू ऑटोत गोधडीवर निजवून आणलं होतं. हातपाय दुखून ती विव्हळत होती, ओठ पांढरे. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेचारवर. उज्वला मॅडम म्हणाल्या, रक्त लागेल, आणि रक्तपेढीतून तिच्या गटाच्या दोन पिशव्या जुळवून आणवल्या. जुळणी स्वच्छ आली.

पण या रुग्णांत नुसत्या जुळणीवर भागत नाही. मागे दिलेल्या एखाद्या रक्तातल्या घटकाशी शरीराचं वैर होतं. काही महिन्यांनी ते इतकं मावळतं की तपासणीत दिसत नाही. पण तेच रक्त पुन्हा दिलं की शरीराला आठवतं आणि ते दिलेलं रक्त फोडून टाकतं. माणूस दगावू शकतो. म्हणूनच तर आमची नोंद. अशा रुग्णाच्या नावासमोर आम्ही लाल खूण लावतो.

पावणेएकला माझ्या लॅपटॉपवर गोपिकाचं पान उघडलं. तीनदा रक्त दिलेलं, खूण नाही. मला रडूच फुटायचं बाकी होतं. ओरडून सांगितलं, "मॅडम, रेकॉर्ड स्वच्छ आहे!"

मॅडम पिशवीला हात घालणार, तेवढ्यात दारातून किशोरभाऊ म्हणाले, "मॅडम, या पोरीच्या नावापुढे लाल खूण होती."

मी म्हटलं, "किशोरभाऊ, अंदाजाने बोलू नका. आजचा घोळ पुरेसा आहे."

"अंदाज नाई ताई. पोळ्याच्या आगंमागं मीच लावली होती. लाल खुणा काई शेकडो नाईत, तेवीस आहेत सगळ्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडे बोट दाखवलं. तेव्हा मॅडमनी शांतपणे विचारलं, "मंजुषा, ही प्रत कधीची आहे?"

एक जुलैची. हे मी सांगायला हवं होतं, सगळ्यांत आधी. विसरले असं नाही. त्या क्षणी मला ते स्वच्छ पान हवं होतं, एवढंच.

मॅडमनी पिशव्या बाजूला ठेवल्या. बंडूजींना विचारलं, पावसाळ्यात बाहेर कुठे तपासणी केली होती का.

"हाव, नागपूरले नेलतं. कागद देल्ला त्याईनं. घरी पेटीत असन. पन घरी कोणी नाई, हिची माय कापूस वेचाले गेली वावरात. फोन नाई उचलत थे."

किशोरभाऊंनी बंडूजींना वावर कुठे आहे ते विचारलं आणि मोटारसायकल काढून निघाले. वीसेक किलोमीटर. गोपिकाला ऑक्सिजन, सलाईन. बंडूजी तिच्या पायाशी बसून तळवे चोळत होते. दर पंधरा मिनिटांनी विचारत, "रक्त तं आणलं न मॅडम? मंग लावून काऊन नाई राह्यले?" मॅडम दर वेळी तितक्याच शांतपणे सांगायच्या. दीडला तिचं बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. मला वाटलं, आपण तिला थांबवून मारतोय.

दोन वीसला मोबाइलवर कागदाचा फोटो आला. किशोरभाऊंचं खरं होतं. आणलेल्या दोन्ही पिशव्यांत तिला न चालणारा घटक निघाला. चालेल असं रक्त नागपूरहून यायला साडेपाच झाले. त्यानंतरचे दोन तास मी भिंतीला टेकून उभी होते. आज सकाळी ती स्वतः उठून बसली, चहा मागितला.

किशोरभाऊंनी काल धावपळ केली हे खरं. पण माझ्या डोक्यातून एक जात नाही. अपराधी माणूसच एवढा धावतो. मोबाइल लावायचे तेच, पेन ड्राइव्ह घालायचे तेच. दुसरं कोण हात लावतं त्या मशीनला?

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल वर्ध्याच्या सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. पैसे द्यायचे नाहीत असं मॅडमनी ठरवलं. "दिल्यावर परत मिळेल कशावरून? आणि मिळालं तरी त्यांच्याकडची प्रत थोडीच पुसली जाणार आहे?"

केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टच्या लोकांनी बैठकीत माझं मत विचारलं. म्हटलं, बहुतेक किशोरभाऊंच्या फोनमधून किंवा पेन ड्राइव्हमधून आलं असावं. 'बहुतेक' म्हटलं होतं मी. इतिवृत्तात तो शब्द आलेला नाही. चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसायला सांगितलं.

जाताना माझ्या टेबलापाशी थांबले. "ताई, तुमी बोलल्या त्या दिवसापासून मी मोबाइल नाई लावला तिथं. एक डाव बी नाई."

मी म्हटलं, "तपासात कळेलच."

१७ नोव्हेंबर, सोमवार

जुलैपासूनच्या साडेचार महिन्यांच्या नोंदी फोन करून गोळा करते आहे. एकेका घरी विचारायचं: रक्त कधी दिलं, कुठे दिलं, कागद आहे का. आज सत्तेचाळीस फोन. कुणी "थंडीत" म्हणतं, कुणी "सासूच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी". किशोरभाऊ असते तर त्यांनी निम्म्या तारखा तोंडपाठ सांगितल्या असत्या.

दुपारी एका बाईचा फोन आला. नाव सांगेना. "मॅडम, आमच्या पोरीचं नाव होतं का त्या चोरीत?"

"तुमचं गाव?"

"गाव नाई सांगत. तिची सोयरीक झाली आहे. तिच्यात अर्धाच आजार आहे, तिले काईच त्रास नाई. पन पोराकडच्याईले मालूम पडलं तं मोडून टाकतीन."

म्हटलं, अजून काही कळलेलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमी तं म्हणल्या होत्या, हे कोणालेच नाई दिसत." हे वाक्य मीच पाच वर्षांपूर्वी शिबिरात माइकवर म्हटलं होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पोलिसांनी राउटर आणि सर्व्हरचे लॉग (कोण, कुठून, केव्हा जोडलं त्याच्या नोंदी) मागितले होते. ते काढताना मीही वाचले.

एक नोव्हेंबरच्या संध्याकाळपासून सुरू होतात. अनोळखी पत्त्यांवरून दारावर थापा, दिवसाला हजारो. अकरा तारखेला दुपारी तीन बेचाळीसला एक आत आला. पहिल्याच प्रयत्नात. माझ्या नावाने, माझ्या पासवर्डने.

आधी वाटलं, माझा पासवर्ड कुणी दिला? खरंच, पहिला विचार किशोरभाऊंचाच आला. लाज वाटते लिहायला. मग पासवर्ड तपासला. सहा वर्षांपूर्वी एका खरेदीच्या साइटवर मी तोच ठेवला होता. त्या साइटची यादी केव्हाच फुटली आहे, कुणालाही मिळते.

आणि रस्ता? रस्ता मी उघडला होता. बाबांना घेऊन घरी गेले, परत आले, करायच्या गोष्टींची यादी केली, आणि त्या यादीत तो नव्हता. आत्ता मागची पानं उलटून पाहिलं. खरंच नव्हता.

हल्ल्याच्या दिवशी वायर उपसली, म्हणून तो आपोआप बंद झाला. म्हणून कुणाला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

लॉग पोलिसांना पाठवले. मॅडमना काही सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अहवाल लिहायला बसले. 'बाहेरून जोडणीचा मार्ग खुला राहिल्याने.' वाचून बघितलं. राहिल्याने. जणू वाऱ्याने खिडकी उघडली. मग लिहिलं, 'कामाच्या निकडीमुळे मार्ग खुला ठेवण्यात आला होता.' आपल्या भाषेत असं किती सोयीचं लिहिता येतं. कुणीच काही करत नाही, सगळं आपोआप होत जातं.

पोलिसांना त्या लॉगमधून काही कळेलच असं नाही. मला नोकरी हवी आहे. बाबांच्या पोटाचे टाके अजून ओले आहेत. आणि हेही खरं की मी गेले तर ही नोंद दुसऱ्या कुणाला उभी करता येणार नाही. ही कारणं मी सकाळपासून एकामागून एक मांडते आहे आणि प्रत्येक खरं आहे.

चारला मॅडम म्हणाल्या, "किशोरला कमी करायचं पत्र तयार आहे. तांत्रिक कारण तू दोन ओळींत लिहून दे, उद्या सही करते."

"हो," म्हटलं मी.

हो म्हटलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी बाह्यरुग्ण तपासणी सुरू व्हायच्या आधी मॅडमच्या खोलीत गेले. बसले नाही, बसले असते तर बोलता आलं नसतं. "रस्ता मी उघडला होता. पासवर्ड माझा होता. किशोरभाऊंचा यात काही संबंध नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेर नंबर पुकारत होते.

"केव्हापासून माहीत आहे तुला?"

"परवापासून."

"म्हणजे काल मी पत्राचं बोलले तेव्हा?"

"हो."

ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. "अहवाल लिही," म्हणाल्या. "पण 'झालं', 'राहिलं' असं नको. मी केलं, असं लिही. ट्रस्टचं मी बघते, काय ठरेल सांगत नाही. किशोरकडे तू जा. आणि बंडूजींनाही तूच सांग."

दुपारी किशोरभाऊंच्या घरी गेले. अंगणात खाटेवर बसून ते मोबाइलची वायर हातात घेऊन बघत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे माह्यापासून नाई झालं?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं, भाऊ."

त्यांनी वायर खाली ठेवली. "पाच दिवस झाले, मी आठवून राह्यलो, का लावलं असन मी, कोणत्या दिवशी लावलं असन. तुमी एवढ्या शिकलेल्या, तुमी म्हणता म्हणजे मीच केलं असन. बायकोले म्हणलं, माह्या हातानं थे पोरगी मरत होती."

मी माफी मागितली. शब्द अपुरे वाटले, म्हणून पुन्हा मागितली. ते म्हणाले, "चूक तं होते ताई. त्याचं काई नाई. पन त्या दिवशी मी सांगून राह्यलो होतो, लाल खूण होती. तुमी माह्याकडे पाह्यलं बी नाई. थे लागलं मले."

मी गृहीत धरलं होतं की ते सर्व्हरबद्दल, त्या इतिवृत्ताबद्दल बोलतील.

"परत याल?"

"कापसाच्या जिनिंगमधी वजनाले काटेवाला पाहिजे, तिथं बोललो आहे. पाह्यतो."

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल नव्या आवृत्तीवर जायचं ठरलं होतं. अर्थातच गेलो नाही. ट्रस्टने मला ठेवलं, पण सर्व्हरच्या किल्ल्या यापुढे माझ्या एकटीकडे नसतील. वर्ध्याचा एक तपासनीस प्रत्येक बदल बघणार. पूर्वी हे कुणी सुचवलं असतं तर मला अपमान वाटला असता.

गोपिका तपासणीला आली होती. बंडूजींना बाकावर बसवून सांगितलं, सोप्या शब्दांत, पण काही न गाळता. ते पागोट्याचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे त्या किशोरनं टोकलं नसतं तं?"

"तर ते रक्त दिलं असतं."

ते गोपिकाकडे बघत राहिले. ती वजनकाट्यावर उभी होती, चपला काढून. ते उठले आणि तिच्या चपला उचलून काट्याजवळ नेऊन ठेवल्या. जाताना नेहमीसारखं 'येतो मॅडम' म्हणाले नाहीत.

तिच्या नावासमोर आज पुन्हा लाल खूण लावली. तेवीसपैकी एकोणीस खुणा सापडल्या आहेत. चार कुणाच्या, माहीत नाही. डेटा बाहेर कुठे मांडला गेल्याचं अजून दिसलेलं नाही. रोज सकाळी शोधते. रोज सापडला नाही की सुटका वाटत नाही, फक्त एक दिवस पुढे ढकलला गेल्यासारखं वाटतं.

१ डिसेंबर, सोमवार

नवा सर्व्हर आज सुरू झाला. तपासनिसाने तीन दिवस तपासून माझ्या आणखी सात चुका काढल्या. बाहेरची प्रत आता रोज निघते आणि ती परत उभी करून बघितल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

दहाला दार उघडलं. किशोरभाऊ. मी उभी राहिले. त्यांनी डबा टेबलाखाली ठेवला, चष्मा पुसला, खुर्चीवर बसले. जिनिंगचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी त्यांना नवे पडदे दाखवायला लागले. शोध कसा करायचा, नाव कुठे, खूण कुठे. ते मान हलवत होते. बाहेर रुग्णांची रांग लागली होती. मी घाईने पुढच्या पानावर गेले, तसा त्यांनी हात वर केला.

"थांबा. हे बराबर नाई आहे."

तीन आठवडे मी हेच पान घडवत होते. तपासनिसाने ते पास केलं होतं. जिभेवर आलंच होतं की तुम्ही आधी सगळं बघून तर घ्या. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बघू आता काय करते, असं.

मी माउसवरचा हात काढला. खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

"सांगा," म्हटलं.